भीतीसकट देवाकडे: भयाच्या काळात भरवसा ठेवण्याची क्रमवार वाट

भीतीने ग्रासलेल्या माणसाला 'देवावर भरवसा ठेव' असे सांगणे सोपे असते. तो ठेवायचा म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत नेमके काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तपासणीचा अहवाल यायचा आहे, नोकरी राहील की जाईल याचा पत्ता नाही, घरातले माणूस अतिदक्षता विभागात आहे, किंवा काहीच घडलेले नसताना पहाटे तीन वाजता छाती धडधडून जाग येते आहे. अशा वेळी उपदेश कानावर पडतो, पण हाताला काही लागत नाही. कॅथलिक परंपरेत शतकानुशतके वापरून पाहिलेल्या काही रीती आहेत आणि त्या येथे एका क्रमाने मांडल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट प्रार्थनेला बसणारी माणसे पुष्कळदा 'प्रार्थना केली, तरी भीती गेली नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा' या निष्कर्षाला येतात आणि आणखी खचतात, म्हणून क्रम पाळलेला बरा.

भीती हे पाप नव्हे

सुरुवात एका गैरसमजापासून करावी लागते. श्रद्धावान माणसाला भीती वाटता कामा नये, अशी समजूत आपल्यापैकी अनेकांच्या मनात घट्ट बसलेली असते. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण तशी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १७६७ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की भावना स्वतःहून चांगल्या किंवा वाईट नसतात; बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांचे काय करतात, यावर त्यांचे नैतिक मोल ठरते. संत थॉमस अक्विनास यांनीही भीतीची व्याख्या अतिशय शांतपणे केली आहे: जे अनिष्ट अजून आलेले नाही, पण येऊ घातले आहे आणि टाळणे कठीण आहे, त्याच्यापुढे मनाचे आक्रसणे म्हणजे भीती. ही माणसाच्या घडणीतलीच गोष्ट आहे.

याहून मोठा पुरावा गेथशेमाने बागेत मिळतो, जेथे येशूने क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतो की त्या रात्री येशू अतिशय व्याकूळ व अस्वस्थ झाला. लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. हा प्याला माझ्यापासून दूर कर, अशी त्याने पित्याजवळ उघड मागणी केली. त्या क्षणी त्याचा पित्यावरचा भरवसा कमी पडला होता, असे कोणीही म्हणणार नाही. तेव्हा भीती आणि भरवसा एकाच काळजात, एकाच वेळी राहू शकतात, आणि भीती आपोआप ओसरण्याची वाट पाहत बसण्याऐवजी ती घेऊन आपण कोणाकडे वळतो यावर लक्ष ठेवणे, ही पुढच्या सर्व पायऱ्यांमागची भूमिका आहे.

जाता जाता एक गोष्ट. बायबलमध्ये 'भिऊ नका' हे शब्द ३६५ वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा आले आहेत, असे मोठ्या हौसेने सांगितले जाते. मोजायला बसले तर हा आकडा जुळत नाही. शब्द पुष्कळदा आले आहेत एवढे खरे, आणि तेवढे पुरेसे आहे. घाबरलेल्या माणसाला उद्या ज्याचा भ्रमनिरास होईल असा आधार देऊ नये.

पहिली पायरी: भीतीला नाव द्यावे

कागद घ्यावा आणि 'मला अमुक गोष्टीची भीती वाटते आहे' हे एका वाक्यात लिहावे. मनात घोळणारी भीती धुक्यासारखी सगळीकडे पसरलेली असते. कागदावर उतरली की तिला कडा येतात. त्या वाक्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही गोष्ट घडली आहे, घडणार हे निश्चित आहे, की घडू शकते एवढेच आहे? तिच्यासंबंधी आज माझ्या हातात नेमके काय आहे? आणि या भीतीखाली आणखी कोणती भीती दडलेली आहे? नोकरी जाण्याच्या भीतीखाली बऱ्याचदा 'मग घरात माझी किंमत काय राहील' ही भीती असते, आणि शस्त्रक्रियेच्या भीतीखाली मरणाची. ज्या भीतीला आपण हात लावायला कचरतो, नेमकी तीच देवापुढे न्यायची असते.

यानंतर एक चौथा प्रश्न आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: ही भीती मला देवाविषयी काय सांगते आहे? 'तो मला शिक्षा करतो आहे', 'तो मला विसरला', 'माझ्या जुन्या पापाचा हिशोब आता चुकता होतो आहे', अशी काही वाक्ये मनाच्या तळाशी असतील तर तीही लिहून काढावीत. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आपल्या संकटाचा अर्थ लावण्याची घाई झाली की हा प्रसंग आठवावा. देवाविषयीची ही चुकीची वाक्ये तशीच राहिली, तर ज्याच्यापासून मनातून पळतो आहोत त्याच्याचकडे धावा करण्याची विचित्र अवस्था होते, आणि प्रार्थना जडच होत जाते.

दुसरी पायरी: भरवसा कशावर ठेवायचा, हे स्पष्ट करून घ्यावे

'देव सगळे नीट करील' या वाक्यात एक फसवी जागा आहे. 'नीट' म्हणजे मला हवे तसे, असा त्याचा अर्थ घेतला तर तो भरवसा देवावर नसून अपेक्षित निकालावर असतो, आणि अहवाल वाईट आला की तो कोसळतो. ख्रिस्ती आशा ही ख्रिस्ताने दिलेल्या वचनांवर टेकलेली असते: स्वर्गराज्य, शाश्वत जीवन, आणि तिथवर पोहोचण्यासाठी पवित्र आत्म्याची कृपा. बरे होण्याची, वाचण्याची, सुटका होण्याची मागणी जरूर करावी, आग्रहाने करावी; पण भरवशाचा पाया त्याहून खोल असावा लागतो.

दानिएलाच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायात तीन तरुण धगधगत्या भट्टीपुढे उभे आहेत. राजाला ते म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. या 'नाही तरीही' मध्ये सगळे आले. पहिल्या पायरीच्या कागदाखाली हेच वाक्य आपल्या शब्दांत लिहून पाहावे: 'प्रभू, हे टळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि टळले नाही तरीही...' पुढचे शब्द सुचत नसतील तर जागा कोरी ठेवावी. कोरी जागासुद्धा देवाला दाखवता येते.

आशेच्या विरोधात दोन पापे आहेत, असे धर्मशिक्षण सांगते. एक निराशा, ते सर्वांना ठाऊक असते. दुसरे म्हणजे फाजील विश्वास, म्हणजे स्वतःच्याच बळावर सर्व जमेल असे मानणे किंवा आपल्याकडून काहीही न करता देवाला गृहीत धरणे. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला उडी मारायला सांगितले तेव्हा त्याने आधाराला घेतले होते ते ९१ वे स्तोत्र, संरक्षणाच्या वचनांनी भरलेले. तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस, हे येशूचे उत्तर आहे. औषधे बंद करून केवळ प्रार्थना करणारा माणूस त्याच शिखरावर उभा असतो. कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय याबाबत निःसंदिग्ध आहे: आजारपणात प्रभूची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे.

तिसरी पायरी: प्रार्थना गोड करून मांडू नये

आता प्रार्थना. येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण भीतीच्या काळात आपली प्रार्थना हमखास दोन टोकांना जाते: एक तर पाठ केलेल्या शब्दांचा वेगाने केलेला जप, नाहीतर एकच मागणी शंभर वेळा. या दोन्हींमधून बाहेर काढण्यासाठी ख्रिस्तसभेकडे स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला प्रार्थनागीतांचा संग्रह, आहे.

१३ वे स्तोत्र निवडावे. ते अगदी लहान, सहा ओव्यांचे आहे. सुरुवातीलाच 'किती वेळ?' हा प्रश्न एकामागून एक चार वेळा येतो: किती वेळ मला विसरशील, किती वेळ आपले मुख लपवशील, किती वेळ मी मनात दुःख वागवू, किती वेळ शत्रू माझ्यावर वरचढ राहील. मग मागणी येते, माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. आणि शेवटी, परिस्थिती जराही बदललेली नसताना, स्तोत्रकर्ता म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. गाऱ्हाणे, मागणी, भरवसा, हा तो क्रम. आपण शिष्टाचारापोटी गाऱ्हाणे गाळतो आणि थेट भरवशावर येतो, म्हणून तो ओठांवरच राहतो.

दहा मिनिटे पुरतात. एका जागी बसून क्रुसाची खूण करावी आणि देव आपल्याकडे पाहतो आहे हे क्षणभर लक्षात आणावे. स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचावे. 'शत्रू' हा शब्द आला की पहिल्या पायरीत लिहिलेली भीती तेथे घालावी. एखाद्या ओळीवर मन अडखळले तर पुढे जाण्याची घाई करू नये. मग आपल्या साध्या शब्दांत दोन-तीन वाक्ये बोलून 'आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना म्हणावी आणि उठावे. भीती तशीच असली तरी उठावे.

शेवटचे भरवशाचे वाक्य तोंडातून निघतच नसेल, तर ८८ वे स्तोत्र घ्यावे. त्याला उजेडाकडे नेणारे वळणच नाही. त्याचा शेवट अंधारात होतो. तरीही ख्रिस्तसभेने ते दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. ज्या रात्री आपल्याला काहीच आशादायक म्हणवत नाही, त्या रात्रीसाठीही देवाच्या वचनात शब्द आहेत, ही फार मोठी सोय आहे.

दिवसभरासाठी मात्र एखादी अगदी छोटी प्रार्थना हवी. पाण्यात बुडू लागलेल्या पेत्राची प्रार्थना दोन-तीन शब्दांचीच होती: 'प्रभू, मला वाचव.' आजारी मुलाच्या बापाने येशूपुढे म्हटले होते की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर कर. अर्धवट विश्वासाची ही कबुली येशूने नाकारली नाही. पोलिश जोगीण संत फॉस्टिना यांच्यामुळे जगभर पोहोचलेली 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' ही ओळही अशीच आहे. १९३१ साली पोलंडमधील प्वोत्स्क येथे झालेल्या दर्शनात येशूने आपले चित्र काढवून घेऊन त्याखाली ती लिहायला सांगितल्याचे त्यांनी नोंदवले आहे. यांपैकी एकच निवडावी. श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी म्हणावी. जिना चढताना, रांगेत उभे असताना, फोन वाजला की उचलण्यापूर्वी ती म्हणत राहिल्यास आठवडाभरात जिभेला सवय होते, आणि धडकी भरण्याच्या क्षणी, जेव्हा डोके चालत नाही, तेव्हा ती आपसूक येते.

रोझरीचा, म्हणजे येशू व मरियेच्या जीवनातले प्रसंग (रहस्ये) आठवत मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा, उपयोगही अशाच वेळी कळतो. थरथरणाऱ्या बोटांना धरायला मणी मिळतात, एवढी साधी गोष्टही कमी महत्त्वाची नसते. दुःखाच्या रहस्यांमधले पहिलेच रहस्य गेथशेमाने बागेचे आहे. सर्व पाच दशके (दहा-दहा मण्यांचे भाग) झेपत नसतील तर ते एक दशक म्हणावे. दूताने मरियेला 'भिऊ नकोस' म्हटल्यावर तिने 'हे कसे होईल?' असा प्रश्न विचारला होता, हेही मणी ओढताना ध्यानात ठेवावे. प्रश्न विचारून मग होकार देणारी ती माता आहे.

चौथी पायरी: आजच्यापुरते जगणे

उद्याची चिंता करू नका, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, हे डोंगरावरील प्रवचनातले शब्द सर्वांना पाठ असतात. त्यात नियोजनाला मनाई नाही. कल्पनेत उद्या जाऊन तेथले दुःख आजच भोगून येण्याला मनाई आहे. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेले अन्न, मान्ना, मिळत असे ते एका दिवसापुरते. उरवून ठेवले की त्यात किडे पडत. उद्याच्या संकटासाठीची कृपा आज मिळत नाही, आणि म्हणूनच कल्पनेतले संकट नेहमी असह्य वाटते: तेथे आपण कृपेशिवाय गेलेलो असतो.

व्हिएतनामचे बिशप फ्रान्सिस झेवियर न्ग्युएन व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात. सुटकेची वाट पाहत बसायचे नाही, हातातला क्षण प्रेमाने काठोकाठ भरायचा, असे त्यांनी अगदी सुरुवातीलाच ठरवले. पोटदुखीचे औषध म्हणून त्यांना थोडा द्राक्षारस पाठवला जाई. त्याचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते पवित्र मिस्सा (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना) अर्पण करीत. पुढे ते कार्डिनल झाले. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट अगदी लहान आहे: रोज सकाळी, आजच्या परिस्थितीत माझ्या वाट्याची एक कृती कोणती, हे विचारून ती करणे. डॉक्टरांना फोन करणे, अर्ज भरणे, मुलांना वेळेवर जेवू घालणे, काहीही. आणि ज्या बातम्यांनी, संदेशांनी किंवा आकडेवारीने भीती वाढते, त्या पाहण्याची दिवसातली एक वेळ ठरवून बाकीच्या वेळी त्यांना दार बंद ठेवणे.

शरीराकडेही पाहावे लागते. जीव वाचवण्यासाठी पळालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो तेव्हा दूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब पर्वतावरची देवभेट त्यानंतरची आहे. अन्न जात नाही, आठवडेच्या आठवडे झोप नाही, कारण नसताना श्वास कोंडतो, अशी अवस्था असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे हा श्रद्धेतला उणेपणा ठरत नाही. जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवून आजच जवळच्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे.

पाचवी पायरी: काय करू नये

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी मनाच्या चढउतारांसंबंधी जे नियम लिहून ठेवले, ते त्यांच्या स्वतःच्या यातनांतून आलेले आहेत. १५२२ साली मानरेसा येथे असताना आपल्या पापांची क्षमा झाली की नाही या शंकेने ते इतके पछाडले गेले होते की जीव देण्याचे विचार येत. त्यांचा पाचवा नियम असा की मन उद्ध्वस्त असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. प्रसन्न आणि शांत काळात जे ठरवले होते त्यावर ठाम राहावे. घाबरलेल्या अवस्थेत घर विकणे, नाते तोडणे, व्रत सोडणे, राजीनामा देणे यांसारखी पावले शक्य तोवर पुढे ढकलावीत. तातडीचा निर्णय टाळता येत नसेल, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेचा, तर ज्याचे डोके शांत आहे अशा विश्वासू माणसाला बरोबर घ्यावे.

तेरावा नियम मला अधिक उपयोगी वाटतो. सैतान एखाद्या खोट्या प्रियकरासारखा वागतो, असे इग्नेशियस म्हणतात. आपले बोलणे गुप्त राहावे अशी त्याची धडपड असते, आणि गोष्ट उघड झाली की त्याचा डाव फसतो. म्हणून 'हे कोणालाही सांगू नकोस' असे जी भीती सांगते, तीच आधी सांगून टाकावी. सर्वांना सांगायची गरज नाही. एक समंजस धर्मगुरू, आध्यात्मिक मार्गदर्शक किंवा प्रार्थनेत मुरलेला मित्र पुरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे भविष्य पाहणे. भीतीमुळे पाय नकळत ज्योतिष, हस्तरेषा, ताईत यांच्याकडे वळतात आणि 'विचारून पाहायला काय हरकत आहे' असे वाटते. धर्मशिक्षण या सर्वांना नकार देते, कारण भविष्य आपल्या मुठीत घेण्याची ती इच्छा असते. हीच वृत्ती भक्तीचे कपडे घालूनही येते: अमुक प्रार्थना नऊ जणांना पाठवा, साखळी तोडली तर अनिष्ट घडेल. असे संदेश खुशाल पुसून टाकावेत. खऱ्या नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, मूळ मरिया आणि प्रेषित यांनी स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याची वाट पाहत केलेल्या प्रार्थनेत आहे, आणि त्यात धमकीला जागा नाही.

सहावी पायरी: संस्कारांकडे जावे

एकट्याच्या प्रार्थनेवर सगळा भार टाकू नये. पवित्र मिस्सामध्ये 'आमच्या स्वर्गीय बापा' नंतर धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात सर्व क्लेशांपासून आम्हाला सुरक्षित ठेव अशी विनंती असते आणि लगेच आपण धन्य आशेची वाट पाहत आहोत असे शब्द येतात. म्हणजे आपली भीती प्रत्येक मिस्सामध्ये वेदीपुढे आधीच मांडलेली आहे. मन लागत नसेल तर तेवढ्या एका प्रार्थनेकडे लक्ष द्यावे.

प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करून क्षमा घेण्याला, उशीर करू नये. पुष्कळदा भीतीत अपराधीपणाची भेसळ असते आणि ती तेथेच वेगळी होते. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाबद्दल, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराबद्दल, मात्र अजून फार गैरसमज आहेत. हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजाराची सुरुवात, मोठी शस्त्रक्रिया, वार्धक्याने आलेला अशक्तपणा, या सर्व वेळी तो घेता येतो आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हाही घेता येतो. धीर, शांती आणि धैर्य ही त्याची पहिली कृपा होय, असे धर्मशिक्षण सांगते. 'फादरांना बोलावले तर आजारी माणूस घाबरेल' म्हणून नातेवाईक थांबतात, आणि ज्या संस्काराने भीती हलकी व्हायची तोच भीतीपोटी दूर ठेवला जातो. आधी रुग्णाला विचारावे. अनेकदा तोच वाट पाहत असतो.

भीती देवाचीच वाटत असेल तर

परमेश्वराचे भय हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक आहे, हे ऐकून काही जण गोंधळतात. परंपरेने दोन भये वेगळी केली आहेत. गुलामाला फटक्याची भीती असते. मुलाला आपल्याकडून बापाचे मन दुखावू नये याची. दान आहे ते दुसरे.

पण पहिलीच भीती मानेवर बसलेली असेल तर? संत फ्रान्सिस द सेल्स पॅरिसमध्ये शिकत होते, १९ वर्षांचे होते, आणि १५८६ च्या अखेरीस 'मी कायमचा नरकात जाणार' या खात्रीने त्यांना गाठले. अन्न, झोप, अभ्यास सगळे सुटले. काही आठवड्यांनी एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे ते देवाला म्हणाले की परलोकात तुझ्यावर प्रेम करणे माझ्या नशिबी नसले, तर निदान या जन्मात तरी मला तुझ्यावर प्रेम करू दे. आणि मग त्यांनी मरियेच्या आश्रयाची प्रार्थना म्हटली. भीती गळून पडली. येथे लक्षात घेण्याजोगे असे की त्यांनी भीतीशी वाद घातला नाही. तिचे म्हणणे खरे असले तरी आज मी काय करीन, एवढेच ठरवले. हेच संत पुढे आपल्या सौम्य मार्गदर्शनासाठी ओळखले गेले.

प्रत्येक लहान गोष्टीत पाप दिसणे, कबूल केलेले पाप पुन्हापुन्हा कबूल करावेसे वाटणे, ही शंकेखोर विवेकाची लक्षणे आहेत. अशा माणसाने एकच धर्मगुरू धरावा, त्याने 'हे पुन्हा सांगू नका' म्हटले तर ते पाळावे, आणि चार ठिकाणी खात्री करत फिरू नये.

काहीच जाणवत नाही तेव्हा

वादळात होडी पाण्याने भरू लागली होती आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता. २७ मार्च २०२० रोजी, महासाथीच्या ऐन काळात, पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे राहिले तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानातला हाच उतारा वाचला गेला. शिष्यांचा प्रश्न बोचरा आहे: आम्ही बुडतो आहोत, तुला काहीच वाटत नाही का? येशूने वादळ शमवले, त्यांना अल्पविश्वासाबद्दल टोकलेही, पण उठवल्याबद्दल रागावला नाही. म्हणून उठवावे. देव झोपला आहे असे वाटते तेव्हा तसे त्याला सांगणे ही प्रार्थनाच आहे.

आणि तरीही तो गप्प राहिला तर? लिज्यूच्या संत तेरेजा यांची शेवटची सुमारे दीड वर्षे, १८९६ च्या ईस्टरपासून पुढची, स्वर्ग आहे की नाही याच काळोखात गेली. त्यांनी प्रार्थनेची वेळ सोडली नाही आणि मठातल्या भगिनींशी प्रेमाने वागणे सोडले नाही. कोरड्या काळात पाळायचा नियम एवढाच: प्रार्थना हवी तर लहान करावी, पण ठरलेली वेळ चुकवू नये. दहा मिनिटे जमत नसतील तर दोन मिनिटे, शब्द सुचत नसतील तर हातात क्रूस धरून बसणे.

रात्रीसाठी

भीतीचा खरा अंमल रात्री असतो, म्हणून ख्रिस्तसभेने झोपण्यापूर्वीची वेगळी प्रार्थना ठेवली आहे. तिचा गाभा घरी सहज वापरता येतो. दिव्याचा प्रकाश कमी करून दिवसाकडे एकदा मागे वळून पाहावे: आज कोठे मदत मिळाली, कोठे मी भीतीच्या आहारी गेलो. पहिल्यासाठी आभार, दुसऱ्यासाठी क्षमा. मग ९१ वे स्तोत्र, आणि शेवटी येशूने क्रुसावर उच्चारलेले ३१ व्या स्तोत्रातले शब्द: मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. पहिल्या पायरीचा तो कागद बायबलमध्ये ठेवून बायबल मिटावे. पहाटे जाग आली तर फोन हातात घेऊ नये, हिशोब मांडू नयेत. त्या वेळी सुचलेल्या कोणत्याही उपायावर उजाडल्यानंतरच विचार करायचा, असे आधीच ठरवून ठेवावे. ती छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणावी, आणि झोप येत नसेल तर त्याच वेळी जागे असलेल्या रुग्णांची नावे घेऊन त्यांच्यासाठी म्हणावी.

दुसऱ्याची भीती

घाबरलेल्या माणसाजवळ असणाऱ्यांसाठीही थोडे सांगायला हवे. गेथशेमाने बागेत येशूने तीन शिष्यांकडे मागितले ते एवढेच की येथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. त्यांना तेवढेही जमले नाही. तेव्हा भ्यालेल्या माणसाकडे जाताना 'देवाचीच इच्छा', 'तुझ्यापेक्षा वाईट स्थितीत लोक आहेत' ही वाक्ये घरी ठेवून जावे. शेजारी बसावे, तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐकावे, त्याची परवानगी असेल तर हात धरून एक 'नमो मरिया' म्हणावे. आणि निघताना 'काही लागले तर सांग' असे मोघम न बोलता, पुन्हा कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार ते सांगून निघावे.